ट्रॅक्टर अचानक सुरू होईना : आधी ऐका, मग पाना उचला



या पानावर एरवी आम्ही लागण, खोडवा, हुमणी, खताचे हप्ते असे विषय घेतो. या वेळी ट्रॅक्टरवर लिहीत आहोत. कारण गळीत हंगाम लागला की गट ऑफिसात उसाच्या रोगापेक्षा ट्रॅक्टरच्या रोगाचेच निरोप जास्त येतात. "साहेब, दोन ट्रेलर भरून फडात उभे आहेत, ट्रॅक्टर स्टार्ट होईना, दुसरा पाठवा." आता दुसरा ट्रॅक्टर काही आमच्या खिशात नसतो. प्रत्येक वाहन कुठल्या ना कुठल्या टोळीला बांधलेले असते.

तोडलेला ऊस म्हणजे धार काढून ठेवलेले दूध. तो थांबत नाही. उन्हाने वजन घटते आणि आतल्या साखरेचे विघटन होऊन उतारा पडतो. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असा आमचा आग्रह असतो. वजनातली घट ज्याची त्याला सोसावी लागते. पण उसाचा रास्त व किफायतशीर दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याला बांधलेला आहे, त्यामुळे वाळलेल्या उसाची झळ सर्वच सभासदांना थोडी थोडी बसते. सबब, बंद पडलेला ट्रॅक्टर ही एकट्या मालकाची अडचण नव्हे.

आम्ही काही गॅरेजातले मिस्त्री नाही. पण रोग ओळखायची रीत शेतात आणि यंत्रात एकच आहे. ऊस पिवळा पडला की आपले काही बांधव लगेच युरियाचे पोते फोडतात. पण पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढत असेल तर बहुधा नत्राची कमतरता. उलट वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे चुनखडीच्या रानात दिसले तर ती लोहाची कमतरता. तिथे युरिया टाकून पैसा जातो, पिवळेपणा जात नाही. ट्रॅक्टरचेही तसेच. न बघता बॅटरी बदलली, सेल्फ खोलला, पंप उतरवून तालुक्याला नेला, आणि दोष निघाला शेंगदाण्याएवढा.

एक घडलेली गोष्ट

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर भरून फडाच्या कडेला उभा होता. नेहमीचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला, म्हणून पुतण्या चालवायला बसला. घरच्या जुन्या ट्रॅक्टरवर त्याचा हात बसलेला, हा मात्र नवीन. रात्री नऊच्या सुमारास त्याने चावी फिरवली. आवाज नाही, काही नाही. लाईट लखलखीत. चार माणसे जमली. कोणी म्हणाले बॅटरी बसली. शेजारच्या वस्तीवरून बॅटरी आणून लावली, तरी तेच. मग कोणीतरी म्हणाले, "सेल्फ गेला, पाना लाव."

पोरगा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभा राहिला, लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सेल्फचे दोन बोल्ट जोडले. ट्रॅक्टर गियरमध्ये होता. उताराला ओघळू नये म्हणून त्यानेच दुपारी गियर टाकून ठेवलेला. इंजिन धडधडले आणि ट्रॅक्टर पुढे गेला. मागे दोन ट्रेलरचे ओझे होते म्हणून झेप लहान बसली. तरी मागचे चाक पावलावरून गेलेच. आम्ही पोचलो तेव्हा त्याला जीपमध्ये घालत होते. त्याचा हंगाम प्लास्टरमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने गियर न्यूट्रलला घेतला, क्लच पूर्ण दाबला, चावी फिरवली. ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू! म्हणजे ट्रॅक्टरमध्ये दोष नव्हताच. नव्या बहुतेक ट्रॅक्टरना क्लचवर किंवा गियरवर एक सुरक्षेचा स्विच असतो. क्लच दाबलेला नसेल, गियर पडलेला असेल, काहींमध्ये पीटीओची दांडी लागलेली असेल, तर तो स्विच सेल्फकडे करंटच जाऊ देत नाही. ते यंत्र त्या रात्री माणसाला वाचवण्यासाठीच गप्प बसले होते. आपण पाना लावून त्याचे तोंड बंद केले.

म्हणून पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. क्रम मोडू नये.

पहिली पायरी : सीटवर बसूनच

खाली उतरण्याआधी सहा गोष्टी पाहा. गियरच्या दोन्ही दांड्या न्यूट्रलला आहेत का? हँडब्रेक ओढला आहे का? पीटीओ सुटा आहे का? क्लच पार तळापर्यंत दाबला का? इंजिन बंद करायची ओढदांडी असेल तर ती परत आत ढकलली आहे का? (काल ओढली ती तशीच राहिली, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.) टाकीत डिझेल आहे का आणि खालची तोटी उघडी आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नये, झाकण काढून पाहावे. या सहा गोष्टींना एक रुपया लागत नाही.

दुसरी पायरी : चावी फिरवा आणि ऐका

हेडलाईट लावा, बरोबरच्या माणसाला बाजूला उभे राहून लाईटकडे बघायला सांगा आणि चावी फिरवा. ट्रॅक्टर आपले दुखणे आवाजाने सांगतो.

(१) काहीच आवाज नाही, लाईट मात्र लख्ख. बॅटरीत जीव आहे, पण निरोप सेल्फपर्यंत पोचत नाही. आधी वर सांगितलेला सुरक्षेचा स्विच, मग फ्यूज, मग चावीचा स्विच, मग सेल्फकडे जाणारी बारीक वायर. पाचट भरलेल्या फडात उंदीर फार. वायर कुरतडलेली निघते. बारीक वायर निसटली असेल तर लावावी, त्यापुढचे काम वायरमनचे.

लाईटही लागत नसेल तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे.

(२) 'कट-कट-कट' असा आवाज, लाईट मंद होते. हा बॅटरी कमी असल्याचा किंवा जोड खराब असल्याचा आवाज. सेल्फच्या डोक्यावर जो सॉलेनॉइड असतो तो थोड्या करंटवर आत ओढला जातो. पण मोटर फिरायला लागली की शेकडो अँपिअर करंट मागते. बॅटरीला तो देता येत नाही, दाब पडतो, सॉलेनॉइड सुटतो, दाब परत चढतो, पुन्हा ओढला जातो. तीच ती कट-कट.

इथे नवी बॅटरी आणायला धावू नये. आधी टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलले तर रोग सापडला. पांढरा-निळसर फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावा, पॉलिश पेपरने घासावे, घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. काढताना ऋण (−) टर्मिनल आधी काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे. उलटे केले तर धन (+) टर्मिनलवरचा पाना ट्रॅक्टरच्या अंगाला लागून ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून बॅटरीजवळ विडी-काडी नको.

धुवूनही कट-कट राहिली तर अर्थची पट्टी पाहा. बॅटरीच्या ऋण टोकापासून निघून ती चॅसीला बोल्टने जोडलेली असते. तिच्याखाली चिखल आणि गंज धरतो, वरून मात्र सगळे ठाकठीक दिसते. ओळखायची सोपी रीत अशी : जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सीटवर बसून चावी फिरवा. सेल्फ फिरला तर दोष पट्टीचा, बॅटरीचा नव्हे.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी आकडे देतो. १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ असताना १२.६ दाखवील तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरी तपासून घ्यावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. इंजिन चालू असूनही १२.५ च्या आसपासच राहिले तर अल्टरनेटर भरतच नाही, पट्टा ढिला असेल. अशा वेळी नवी बॅटरी आणली तरी तीही चार दिवसांत बसणार.

(३) एकच 'टक्', मग शांतता. बॅटरी आणि जोड चांगले असतील तर दोष बहुधा सॉलेनॉइडच्या आतल्या संपर्कात किंवा सेल्फच्या कार्बन ब्रशात. क्वचित इंजिनच जाम असते. हे काम मिस्त्रीचे.

(४) सेल्फ जोरात फिरतो, इंजिन धरत नाही. आता बॅटरीला हात लावू नका, ती आपले काम करते आहे. डिझेलकडे वळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाहीतर एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

डिझेलची वाट

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. म्हणजे तीनच गोष्टी लागतात : हवा, दाब आणि डिझेल. दाब एका रात्रीत जात नाही. काल चालणारा ट्रॅक्टर आज अचानक अडला तर बहुतेक वेळा डिझेलच अडलेले असते.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे. अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल पोचते आहे, पेटत नाही. तेव्हा सेल्फ हळू फिरतो का, गारठा जास्त आहे का, डिझेलमध्ये पाणी आहे का, हे पाहावे. काळा धूर आला तर एअर फिल्टर पाहावा. ऊस वाहतुकीच्या धुळीने तो लवकर तुंबतो.

धूर नसेल तर टाकीपासून सुरुवात करून डिझेलच्या वाटेने पुढे जावे, पाटाचे पाणी कुठे फुटले ते बघत जातो तसे.

टाकीचे झाकण : झाकणाला हवेचे बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले की टाकीत पोकळी होते आणि डिझेल उतरत नाही. ट्रॅक्टर अर्धा तास चालून बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज झाला आणि ट्रॅक्टर चालू लागला तर रोग तोच. काडीने भोक मोकळे करावे.

पाणी : कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी असते, ते तळाला बसते. फिल्टरखालची वाटी किंवा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या ग्लासात काढा. तळाशी वेगळा थर दिसला तर निव्वळ डिझेल येईपर्यंत काढत राहा.

फिल्टर : हंगामात बदलला नसेल तर बदलावा. जुना धुवून परत घालण्यात काटकसर नाही.

हवा धरणे : सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. डिझेल दाबून लहान होत नाही, हवा होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो, नोजल उघडतच नाही. डिझेल पूर्ण संपू दिले किंवा फिल्टर बदलला की हवा शिरते. पंपाच्या ओढीच्या बाजूला नळीला चीर असली तर चालू इंजिनात डिझेल गळताना दिसेलच असे नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून 'कुठे गळत नाही' एवढ्यावर भागत नाही.

हवा काढायची रीत : टाकीत डिझेल भरा, तोटी उघडा. पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग मुख्य पंपावरचा स्क्रू. टाकीकडून इंजिनाकडे, हाच क्रम. त्यानंतर चावी फिरवा.

इथे एक धोक्याची सूचना. नोजलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. जुन्या पद्धतीच्या इंजिनातही नोजल सुमारे २०० किलोच्या दाबावर उघडते. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाले तर हळद लावून बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यातल्या अनेकांत कॉमन रेल पद्धतीचे इंजिन आहे. त्याच्या जाड नळ्यांत याच्या कित्येक पट दाब असतो. त्यांचे नट शेतात कोणीही सैल करू नयेत. तिथे कंपनीचाच माणूस बोलवावा.

चारचाकी गाडीचे काय?

सभासदांच्या घरी आता मोटारीही आहेत. वरचे पहिले तीन आवाज पेट्रोल गाडीलाही जसेच्या तसे लागू आहेत. सेल्फ फिरून गाडी धरत नसेल तर चावी 'ऑन' केल्यावर पेट्रोल पंपाचा दोन सेकंद बारीक घूंऽ आवाज येतो का ते ऐका. नसेल तर पंपाचा फ्यूज पाहा. आणि चावीचे चित्र असलेला दिवा डॅशबोर्डवर लुकलुकत राहिला तर गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून पाहा.

हे करू नये

पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावून सेल्फ मारू नये. 'न्यूट्रल आहे' असे कोणी सांगितले तरी नाही. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा.

उसाच्या ट्रकची बॅटरी जोडताना सावध राहावे. ट्रकची यंत्रणा साधारणपणे २४ व्होल्टची असते, ट्रॅक्टरची १२ ची. सरळ जोडले तर वायरिंग जळते, बॅटरी फुटू शकते. मदत घ्यायची तर १२ व्होल्टच्या वाहनाची. धन टोक धनाला, आणि दुसऱ्या केबलचे टोक बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीला नव्हे, तर बॅटरीपासून लांब इंजिनाच्या लोखंडाला.

भरलेल्या ट्रेलरसह ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करू नये.

रस्त्यात बंद पडला तर आधी वाहन कडेला घ्यावे, मागे त्रिकोण आणि लाल रिफ्लेक्टर दिसतील असे करावे. चाकाला लावलेले दगड निघताना उचलावेत. रात्री त्या दगडावर आपल्याच गावच्या पोराची मोटारसायकल आदळते.

थोडक्यात

आधी सीटवरच्या सहा गोष्टी. मग चावी फिरवून ऐकणे. आवाज नाही, कट-कट किंवा टक् : वाट विजेची. सेल्फ फिरतो, इंजिन धरत नाही : वाट डिझेलची. एका वाटेचा दोष दुसऱ्या वाटेवर शोधू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

हा मजकूर कापून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावा आणि जो चालवतो त्याला वाचून दाखवावा. मालकाला माहीत आणि ड्रायव्हरला नाही, असे झाले तर उपयोग नाही. वाहन एक तासात सुरू झाले नाही तर मात्र वाट न पाहता गट ऑफिसात कळवावे, म्हणजे तोड थांबवता येईल. उभ्या उसाला एक दिवस उशीर चालतो, तोडलेल्याला नाही.

तो पुतण्या आता बरा आहे. थोडा लंगडतो, पण ट्रॅक्टर चालवतो. परवा काट्यावर भेटला. चावीला हात लावण्याआधी त्याने गियरची दांडी दोनदा हलवून पाहिली. आम्ही काही बोललो नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी